डोळ्यांवर न विसंबणारा खेळ

सिडनी ऑलिंपिकमध्ये १९ सप्टेंबर २००० रोजी पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलची पहिली हीट झाली. तिच्यात तिघेच होते. इशारा होण्याआधीच दोघे पाण्यात पडले आणि नियमाप्रमाणे बाद झाले. उरला इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसाम्बानी. ऑलिंपिकला येईपर्यंत त्याने ५० मीटर लांबीचा तलाव पाहिलाही नव्हता. प्रतिस्पर्धीच उरला नाही म्हटल्यावर इतर अनेक खेळांत त्याला तिथल्या तिथे विजयी ठरवले असते. इथे मात्र त्याला एकट्याला शंभर मीटर पोहावे लागले. शेवटच्या काही मीटरांत तो जवळजवळ थांबत-थांबत पुढे सरकला आणि १ मिनिट ५२.७२ सेकंदांनी भिंतीला टेकला. हीटमध्ये तो पहिला आला, पण पुढच्या फेरीत गेला नाही. जिद्दीची कहाणी म्हणून हा प्रसंग जगभर सांगितला गेला, आणि तो आहेही तसा. पण स्पर्धा कशी चालते हे समजून घ्यायचे असेल तर त्यात जिद्दीहून वेगळेच काही पाहण्याजोगे आहे. प्रतिस्पर्ध्यांशिवाय शर्यत झाली, तिचा विजेता ठरला, आणि त्या विजयाला काडीची किंमत नव्हती. किंमत होती ती फक्त घड्याळाने दिलेल्या आकड्याला.

जलतरण स्पर्धेतल्या बहुतेक चमत्कारिक गोष्टी या एका मुद्द्यावरून उलगडत जातात, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. वरवर पाहता ही माणसामाणसांमधली शर्यत असते. तिची सारी मांडणी मात्र वेगळ्या हेतूने झालेली आहे: तलावाच्या काठावर हजर नसलेल्या, दुसऱ्या देशातल्या किंवा वीस वर्षांनंतरच्या माणसालाही निःशंकपणे मान्य करता येईल असा आकडा निर्माण करणे. तराजूतल्या वजनावर शिक्का असतो म्हणून अनोळखी दुकानातला किलोही आपण किलोच मानतो. जलतरणाच्या वेळेला तसा शिक्का मिळावा यासाठी नियमांचे जाडजूड पुस्तक, पांढऱ्या पोशाखातले पंच, दोरीने आखलेल्या लेन आणि भिंतीवरचे टचपॅड अशी सगळी यंत्रणा राबत असते. हे एकदा ध्यानात आले की दिवसभर चालणारी ती स्पर्धा कंटाळवाणी वाटेनाशी होते. निदान कंटाळ्याचे कारण तरी कळते.

सुरुवात नावनोंदणीपासूनच होते. प्रत्येक जलतरणपटूच्या नावापुढे त्याची आधीची सर्वोत्तम वेळ लिहिलेली असते. तिलाच एंट्री टाइम म्हणतात. सगळ्या नावांची क्रमवारी लागते ती त्या वेळेवरून. चिठ्ठ्या टाकणे नाही, गावाचा किंवा क्लबचा मान नाही. आठ लेनच्या तलावात सर्वांत वेगवान पोहणाऱ्याला चौथी लेन मिळते. त्यानंतर पाचवी, तिसरी, सहावी, दुसरी, सातवी, पहिली आणि शेवटी आठवी असा क्रम लागतो. म्हणूनच अंतिम शर्यत वरून पाहिली तर पाण्यात बाणाच्या टोकासारखा आकार दिसतो. हीट मंद गटापासून सुरू होतात आणि सर्वांत वेगवान खेळाडू शेवटच्या हीटमध्ये येतात. मोठ्या स्पर्धांत हे सगळे वेगवान लोक एकाच हीटमध्ये कोंबत नाहीत. पहिल्या क्रमांकाचा शेवटच्या हीटमध्ये, दुसरा तिच्या आधीच्या आणि तिसरा त्याहून आधीच्या हीटमध्ये असे त्यांना शेवटच्या तीन हीटमध्ये वाटून देतात. चारशे मीटर आणि त्यापुढच्या शर्यतींत हीच वाटणी शेवटच्या दोन हीटमध्ये होते. २०० मीटरपर्यंतच्या शर्यतींत ऑलिंपिकमध्ये सोळा जण उपांत्य फेरीत आणि आठ जण अंतिम फेरीत जातात. त्याहून लांबच्या शर्यतींत हीटमधून थेट अंतिम फेरी. पुढे कोण जाणार हे हीटमधल्या क्रमांकावर ठरत नाही. सगळ्या हीटच्या वेळा एकत्र लावून ठरते. आपल्या हीटमध्ये चौथा आलेला पुढे जातो आणि दुसऱ्या हीटचा विजेता घरी जातो, हे दृश्य नेहमीचेच. लहानग्यांच्या स्पर्धेत पालकांचा पहिला वाद बहुधा इथेच होतो, आणि त्यात पालक बहुधा हरतात.

आकड्यावर एवढा भर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. सरळ डोळ्यांनी पाहून पहिला कोण ते का ठरवू नये? डोळ्यांनी ठरवून पाहिलेले आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकाच क्षणी भिंतीला टेकले. पहिला कोण हे पाहण्यासाठी तीन पंच होते. त्यांतल्या दोघांनी डेव्हिट म्हटले, एकाने लार्सन. दुसरा कोण हे पाहण्यासाठी वेगळे तीन पंच होते. त्यांतल्या दोघांच्या मते दुसरा डेव्हिट होता, म्हणजे पहिला लार्सन. सहा पंच आणि निकाल तीन-तीन. स्टॉपवॉचवाल्यांचे मात्र एकमत होते. डेव्हिटच्या लेनवरची तिन्ही घड्याळे ५५.२ सेकंद दाखवत होती, लार्सनच्या लेनवरची ५५.०, ५५.१ आणि ५५.१. तरीही मुख्य पंचांनी सुवर्णपदक डेव्हिटला दिले आणि नोंदीत लार्सनची वेळ वाढवून ५५.२ केली. अमेरिकेची तक्रार फेटाळली गेली. इथे कोणी लबाडी केली असे मानायची गरज नाही. उसळत्या पाण्यात, पाण्याखाली, सेकंदाच्या शंभराव्या भागात कोणाचे बोट आधी टेकले हे माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही. दोष पंचांपेक्षा त्यांच्यावर टाकलेल्या कामाचा होता. रोममध्ये अर्धवट वापरात असलेली घड्याळे पुढे निकालाच्या केंद्रस्थानी आली ती अशा घटनांमुळे. दाबताच घड्याळ थांबवणारे टचपॅड १९६७ मध्ये विनिपेगच्या पॅन-अमेरिकन स्पर्धेत बसवले गेले आणि पुढच्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये आले. लाटेने घड्याळ थांबू नये आणि हाताच्या दाबाने थांबावे अशी त्यांची रचना असते. २००८ मध्ये बीजिंगला १०० मीटर बटरफ्लायमध्ये मायकेल फेल्प्सने मिलोराद चाविचला ५०.५८ विरुद्ध ५०.५९ असे हरवले तेव्हा चाविचच आधी पोहोचला असे अनेकांना वाटले. बारकाईने तपासलेल्या छायाचित्रांनंतर निकाल कायम राहिला, कारण आधी पोहोचणे वेगळे आणि आधी दाब देणे वेगळे.

यंत्र मिळाल्यावर माणसाला नेहमीचा मोह होतोच, आणखी बारीक मोजण्याचा. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी दोघेही ४ मिनिटे ३१.९८ सेकंदांत पोहोचले. मग हजारावा भाग पाहिला गेला. लार्सन ४:३१.९८१, मॅकी ४:३१.९८३. सुवर्ण लार्सनला मिळाले. दोन हजारांश सेकंदांत त्या वेगाने जलतरणपटू फार तर तीन मिलिमीटर पुढे जातो. कोणत्याही तलावाच्या दोन लेनची लांबी इतकी काटेकोर सारखी बांधता येत नाही. ५० मीटरचा तलाव लांबीला आखूड असता कामा नये, पण तीन सेंटिमीटरपर्यंत जास्त असला तर चालेल, अशी मुभा नियमांत बरीच वर्षे होती. म्हणजे मॅकी हरला की त्याची लेन जरा लांब होती, हे त्या मोजमापावरून सांगताच येत नव्हते. यानंतर नियम बदलला आणि निकाल शंभराव्या भागापर्यंतच पाहायचे ठरले. तिथे बरोबरी झाली तर बरोबरीच. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला महिलांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये कॅरी स्टाइनसायफर आणि नॅन्सी हॉगशेड यांना ५५.९२ सेकंदांवर दोन सुवर्णपदके दिली गेली. रिओत २०१६ मध्ये १०० मीटर बटरफ्लायचे रौप्य फेल्प्स, चॅड ल क्लो आणि लास्लो चेह या तिघांनी ५१.१४ वर वाटून घेतले. हजारावा भाग मोजता येत असूनही तो न मोजणे हा या खेळाने घेतलेला सर्वांत शहाणा निर्णय आहे. मोजमापाच्या मर्यादेपलीकडे जाऊन विजेता शोधण्यापेक्षा दोन विजेते मान्य करणे अधिक प्रामाणिक आहे, हे फार थोड्या खेळांना उमगले आहे.

सुरुवातीच्या क्षणाचीही अशीच काळजी घेतली जाते. रेफ्रीच्या छोट्या शिट्ट्या म्हणजे तयार व्हा, लांब शिट्टी म्हणजे स्टार्टिंग ब्लॉकवर चढा. मग स्टार्टरची आज्ञा आणि इशाऱ्याचा आवाज. हा आवाज स्टार्टरच्या हातातून एकाच ठिकाणाहून निघाला तर काय होईल? ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि तलावाची रुंदी २५ मीटर असते. पलीकडच्या लेनवाल्याला तो सेकंदाच्या सात शतांशांनी उशिरा ऐकू येईल, आणि सात शतांशांत तर पदके ठरतात. म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ब्लॉकमागे वेगळा स्पीकर असतो. लेनच्या दोऱ्यांवरच्या चकत्या शेजाऱ्याने उठवलेली लाट मोडून काढण्यासाठी असतात. बीजिंगला तलाव तीन मीटर खोल आणि दहा लेनचा होता. त्यातल्या कडेच्या दोन लेन रिकाम्या ठेवल्या, जेणेकरून भिंतीवरून परतलेली लाट कुणाला बाधू नये. रिलेत पहिला सोडून बाकीचे तिघे चालत्या गतीने उडी घेतात, म्हणून त्यांच्या वेळा वैयक्तिक विक्रम म्हणून धरत नाहीत. बीजिंगच्या रिलेत जेसन लेझॅकने शेवटचे १०० मीटर ४६.०६ सेकंदांत कापले. तोवर वैयक्तिक शर्यतीत इतक्या वेगाने कोणीच पोहले नव्हते, पण विक्रमांच्या यादीत ती वेळ कधीच आली नाही. कारण इतकेच की तिची सुरुवात इतरांसारखी झालेली नव्हती. ज्याची तुलना होऊ शकत नाही ते मोजायचे नाही, ही शिस्त इथे फार कडकपणे पाळली जाते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मग ही स्पर्धा राहिली कुठे? ही तर मोजणी झाली. शर्यतीचा आत्मा म्हणजे दोघांची टक्कर, आणि तुम्ही ती कागदावर उतरवून टाकली. आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धे. घड्याळ फक्त दारापर्यंत नेते. अंतिम शर्यतीत पदक मिळते ते त्या दिवशी, त्या पाण्यात पहिला येणाऱ्याला. १९९६ मध्ये अटलांटाला ऑस्ट्रेलियाचा कीरेन पर्किन्स १५०० मीटरच्या अंतिम फेरीत जेमतेम आठव्या क्रमांकाने पोहोचला आणि आठव्या लेनमधून सुवर्ण घेऊन गेला. टोकियोत ट्युनिशियाचा अहमद हफ्नावी ४०० मीटर फ्रीस्टाइल आठव्याच लेनमधून जिंकला. यांच्या आधीच्या वेळांचा हिशेब अंतिम शर्यत सुरू होताच संपला. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्य मिळवले. खजानसिंगच्या १९८६ मधल्या रौप्यानंतर जलतरणात भारताला ते पहिलेच आशियाई पदक होते. लोकांच्या लक्षात राहिले ते पदक, वेळ कुणाला आठवत नाही. तेव्हा टक्कर संपलेली नाही. टक्करीच्या आधी कोणी कोणाशी भिडावे हे न्यायाने ठरावे, एवढेच आकड्याचे काम आहे, आणि ते काम त्याच्यावाचून दुसरे कोणी इतके चोख करत नाही. अपंग जलतरणपटूंच्या स्पर्धांतली गटवारी हाच विचार आणखी पुढे नेते. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकले. कुणाची तुलना कुणाशी करायची हे आधी ठरवल्याशिवाय तशी शर्यत घेताच येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. घड्याळ इतके अचूक असेल तर पोहण्याच्या शैलीचे नियम कशाला? ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला टेकले नाहीत म्हणून मूल बाद होते, आणि त्याची वेळ कितीही चांगली असली तरी कागदावरून नाहीशी होते. पोहण्याचा खरा वेगच पाहायचा असेल तर सगळ्यांना फ्रीस्टाइल पोहू द्या! आणि शैलीचा निवाडा तर पुन्हा डोळ्यांनीच होतो. म्हणजे ज्या डोळ्यावर तुमचा विश्वास नाही त्यालाच तुम्ही पुन्हा खुर्ची दिलीत. हे खरे आहे, आणि इथे व्यवस्थेची बाजू लंगडी पडते. तरी शैलीचे नियम मनमानी नाहीत. त्यांचा इतिहास पाहिला तर ते पाण्याखाली लपणाऱ्या माणसाच्या मागे धावत आलेले दिसतात. जपानच्या मासारु फुरुकावाने १९५६ मध्ये मेलबर्नला ब्रेस्टस्ट्रोकचे बरेचसे अंतर पाण्याखालून कापून सुवर्ण जिंकले आणि मग तसे पोहण्यावर बंदी आली. १९८८ मध्ये सोलला बॅकस्ट्रोकमध्ये डेव्हिड बर्कॉफ आणि दाइची सुझुकी बराच वेळ पाण्याखालीच राहिले. त्यानंतर डोके पाण्याबाहेर कधी यावे याची मर्यादा ठरली. आज बॅकस्ट्रोक, बटरफ्लाय आणि फ्रीस्टाइलला ती १५ मीटर आहे. वेगाचा मार्ग बदलला की तुलना तुटते, म्हणून मार्ग बांधून द्यावा लागतो. पंचांच्या हातून चुका होतात, आणि त्यावरचा उपायही नियमांतच आहे: बाद का केले हे नीट लिहून द्यावे लागते. २००४ मध्ये अथेन्सला ॲरन पिअर्सोल २०० मीटर बॅकस्ट्रोक जिंकून बाद झाला आणि थोड्या वेळाने त्याला सुवर्ण परत मिळाले, कारण पंचाने लिहिलेले कारण पुरेसे नव्हते. २०१२ मध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक जिंकणाऱ्या कॅमेरॉन वान डेर बर्गने तर पाण्याखाली नियमाबाहेरचे पाय मारल्याचे नंतर स्वतःच सांगितले, आणि पदक त्याच्याकडेच राहिले. पाण्याखालचे कॅमेरे त्या वेळी पंचांच्या मदतीला नव्हते. यंत्राला जे दिसते ते माणसावर सोडू नये, हाच धडा इथेही लागू पडतो, आणि तो फार उशिरा लागू झाला.

तिसरा आक्षेप मुळावरच घाव घालतो. तुलना होऊ शकते हेच मुळात खरे आहे का? २००८ च्या फेब्रुवारीत स्पीडो कंपनीचा एलझेडआर रेसर हा पोहण्याचा पोशाख आला. पुढच्या वर्षी रोमच्या जागतिक स्पर्धेत त्याच्याही पुढे गेलेल्या पॉलियुरेथेनच्या पोशाखांत ४३ विश्वविक्रम मोडले गेले. तिथे जर्मनीच्या पॉल बिडरमनने ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३:४०.०७ अशी वेळ दिली आणि इयान थॉर्पचा २००२ मधला ३:४०.०८ चा विक्रम एका शतांशाने मोडला. एक पॉलियुरेथेनच्या पोशाखात, दुसरा कापडी पोशाखात. हे दोन आकडे एका यादीत एकाखाली एक लिहिण्यात काय अर्थ होता? १ जानेवारी २०१० पासून त्या पोशाखांवर बंदी आली, पण विक्रम पुसले गेले नाहीत. बिडरमनचा विक्रम एप्रिल २०२५ मध्ये लुकास मार्टेन्सने ३:३९.९६ ने मोडेपर्यंत टिकला. पाण्याचाही भरवसा नाही. २०१३ च्या बार्सिलोना जागतिक स्पर्धेतल्या तात्पुरत्या तलावाच्या वेळा इंडियाना विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तपासल्या. त्यात एका बाजूच्या लेनमधले जलतरणपटू एका दिशेने जाताना वेगवान आणि परतताना मंद, तर दुसऱ्या बाजूच्या लेनमध्ये उलटे, असा नमुना त्यांना आढळला. पाण्यात गोल प्रवाह असल्याची ही खूण. १५०० मीटरमध्ये येणे-जाणे बरोबर होते, पण ५० मीटरची शर्यत एकाच दिशेची, तिथे भरपाईच नाही. पॅरिसला २०२४ मध्ये तलावाची खोली सव्वादोन मीटरच्या आतच होती म्हणून तो ‘मंद’ असल्याची ओरड झाली. त्याच तलावात पान झानलेने १०० मीटरचा ४६.४० चा विश्वविक्रम केला, तेव्हा प्रत्येक ओरड खरी नसते हेही दिसले. या आक्षेपाला माझे उत्तर असे की पोशाखाचा घोटाळा, पाण्यातला प्रवाह, लेनची लांबी हे सगळे उघड झाले ते वेळा काटेकोर नोंदल्या गेल्या म्हणूनच. बार्सिलोनाचा प्रवाह कोणी डोळ्याने पाहिलेला नाही. तो प्रत्येक ५० मीटरच्या नोंदींतून सापडला. डोळ्यांच्या भरवशावर चालणाऱ्या खेळात असा अन्याय असतोही आणि कधी कळतही नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळे दूरचे वाटू नये म्हणून एक जवळचे उदाहरण. २६ जून २०२१ रोजी रोममधल्या सेत्ते कोल्ली स्पर्धेत साजन प्रकाशने २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८ मध्ये पार केले. टोकियो ऑलिंपिकची थेट पात्रता १:५६.४८ होती. अशी थेट पात्रता मिळवणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू. दुसऱ्याच दिवशी श्रीहरी नटराजने १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये ५३.७७ नोंदवले. पात्रता होती ५३.८५. पण ती वेळ प्रत्यक्ष शर्यतीत नव्हे तर टाइम ट्रायलमध्ये नोंदली होती, त्यामुळे ती धरायची की नाही हा प्रश्न जागतिक संघटनेकडे गेला आणि तिने ती मान्य केली. टाइम ट्रायलमध्ये प्रतिस्पर्ध्यांना हरवायचे नसते. तिथे फक्त घड्याळ, तलावाची लांबी आणि नोंदवहीवर सह्या करणारे लोक हवेत. एका तरुणाचे ऑलिंपिक अशा नोंदवहीवर अवलंबून होते.

आणि नोंदवही सुरू होते खालच्या पायरीवर. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात टचपॅड बसवता येतात. जिल्ह्याच्या किंवा शाळांच्या स्पर्धांत बहुतेक ठिकाणी स्टॉपवॉचच असते. नियम यासाठीही तयार आहेत. एका लेनवर तीन घड्याळे असावीत. दोन जुळली तर ती वेळ धरायची, तिन्ही वेगळी असली तर मधली. दोनच घड्याळे चालली तर सरासरी. हाताने घेतलेली वेळ बहुधा यंत्रापेक्षा थोडी कमी येते, कारण इशारा ऐकून बटण दाबायला माणसाला वेळ लागतो आणि शेवटी तो टेकण्याचा अंदाज घेऊन आधीच दाबतो. म्हणून विश्वविक्रमासाठी हातघड्याळ चालत नाही. पण मुलाच्या नावापुढची पहिली एंट्री टाइम याच घड्याळातून निघते, आणि त्याची पुढची लेन, पुढची हीट, पुढची स्पर्धा त्या आकड्यावर बेतली जाते. एका लेनवर तीनऐवजी एकच माणूस उभा असेल आणि तो गप्पा मारत असेल, तर वर सांगितलेली सगळी उभारणी खालून पोकळ होते. पुढच्या प्रकरणांत पंचांची कामे, बाद होण्याची कारणे आणि वेळनोंदीची पद्धत तपशिलाने दिली आहे. मुलांना पोहायला पाठवणाऱ्या पालकांनी ती प्रकरणे आधी वाचावीत, आणि पुढच्या स्पर्धेत गॅलरीत बसण्याऐवजी आयोजकांकडे टाइमकीपर म्हणून आपले नाव द्यावे.